लेकीला झोपायला होडी हवी आहे! (मुलांच्या खोलीचं फर्निचर, सुतारकामातल्या जाणकारांनी मदत करा)

गच्चीवरचा

मंडळी, ठाण्यात नवीन घर घेतलंय. लेकीची खोली १० फूट बाय ११ फूट. बाईसाहेब सहा वर्षांच्या आहेत आणि मे महिन्यात हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघून आल्यापासून त्यांना झोपायला होडी हवी आहे. होडीच्या चित्राची चादर दाखवून झाली, ती नापास झाली. आजीनं परस्पर होकार दिलाय, त्यामुळे आता माघार नाही.

डोक्यात आहे ते असं: होडीच्या आकाराचा पलंग, पुढे निमुळती नाळ (होडीचं पुढचं टोक), खाली कपड्यांचे खण, खेळण्यांसाठी एक पेटारा, अभ्यासाचं छोटं टेबल आणि पुस्तकांना जागा. इंटिरियरवाल्या बाईंनी चित्रं दाखवली. सगळीकडे पांढरा-निळा रंग, जिथे जागा मिळेल तिथे नांगर, भिंतीवर सुकाणूचं चाक. मला ते समुद्रकाठच्या हॉटेलच्या रिसेप्शनसारखं वाटलं. मिस्त्री म्हणतात, सगळं प्लायमध्ये करू, वर लॅमिनेट, नाळेच्या गोलाईला फ्लेक्सी प्लाय. माझी इच्छा शक्य तेवढं खरं लाकूड वापरायची आहे, पण नाळेची गोलाई खऱ्या लाकडात कशी काढायची हे मिस्त्रींनाही माहीत नाही आणि मलाही.

तर प्लाय की लाकूड? कुठलं लाकूड? नाळ कशी? कुणी असं काही केलंय का?

अवखळ

बाकी काही करा न करा, वल्ही मात्र खरी द्या. ठाण्यात जुलैमध्ये उपयोगी पडतील.

पै_पैचा_हिशोब

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सहा वर्षांची मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिला ही होडी मैत्रिणींसमोर नकोशी होणार. मग तुम्ही ती ओएलएक्सवर टाकणार आणि कुणी घेणार नाही, कारण ठाण्यात होडी विकत घेणारे लोक होडीत मासे भरतात. साधा, चांगल्या लाकडाचा पलंग करा, भिंतीवर समुद्र रंगवा. रंग दोन दिवसांत बदलता येतो.

मृदगंध

पै_पै यांना अर्धं अनुमोदन. आमच्याकडे मोटारगाडीचा पलंग होता (तयार आणलेला). मुलानं त्यावर मनापासून मजा केली, त्याबद्दल तक्रार नाही. वैताग होता तो गादीचा. पुढे निमुळता आकार असल्यामुळे गादी मापाची शिवून घ्यावी लागली, त्या मापाच्या चादरी कुठेच मिळत नाहीत, आणि गादी दबली तेव्हा पुन्हा सगळी वणवण. त्यामुळे एक सल्ला देते: बाहेरून काय हवं ते सोंग आणा, आत गादीची जागा सरळ आयताकृती ठेवा. ७२ बाय ३६ इंच किंवा ७५ बाय ३६ इंच, ही मापं कुठल्याही दुकानात मिळतात. लांबीला ७५ च धरा, मुली भराभर उंच होतात.

गच्चीवरचा

मृदगंधताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. मिस्त्रींच्या स्केचमध्ये गादी चक्क बदामाच्या आकाराची आहे.

रंधा_पटाशी

हौशी सुतार आहे, पुण्यात गॅरेजमध्ये काम करतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी रचनेचं बोलू. मृदगंधताईंनी सांगितलं तेच पुढे नेतो. पलंग म्हणजे एक साधी मजबूत चौकट: दोन लांब पाट्या, डोक्याकडची आणि पायाकडची फळी, मध्ये आडव्या पट्ट्या. होडी ही त्या चौकटीला बाहेरून बोल्टनं लावलेली कातडी. उद्या मुलगी कंटाळली की आठ-दहा बोल्ट काढायचे, नाळ आणि बाजूच्या फळ्या उतरवायच्या, खाली मोठ्या माणसाला चालेल असा पलंग उरतो. पै_पै यांचा प्रश्न इथेच मिटतो. आणि बोल्ट म्हणजे बोल्टच, आतून नट असलेले. लाकडात स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की पकड जाते.

आता नाळ. तीन मार्ग आहेत.

मिस्त्री म्हणतात तो फ्लेक्सी प्लाय. एकाच दिशेनं सहज वाकतो, काम झटपट होतं. पण तो एकटा लिबलिबीत असतो, आत फासळ्या आणि बाहेरून दुसरा थर हवाच. आणि वर लॅमिनेट लावलं की होडी कमी, बँकेचं काउंटर जास्त दिसतं.

दुसरा, १२ मिमी प्लायला मागून करवतीनं जवळजवळ खाचा मारायच्या, पुढचा पापुद्रा अडीच-तीन मिमी शिल्लक ठेवायचा आणि वाकवायचं. जमतं, पण पुढून बारीक कंगोरे जाणवतात. रंगाखालीही दिसतात.

तिसरा माझा आवडता. गोल काही वाकवायचंच नाही, फळ्या-फळ्यांची होडी करायची. आत प्लायच्या चार-पाच फासळ्या, प्रत्येक थोडी अरुंद होत जाणारी. त्यावर खालून वर चार इंच रुंद, १० ते १२ मिमी जाड पाईनच्या पट्ट्या, वरची पट्टी खालचीवर किंचित चढवत. इतकी पातळ पट्टी एवढी गोलाई सहज घेते, वाफ-बिफ लागत नाही. टोकाला सगळ्या पट्ट्या एका उभ्या सागवानी दांड्याला येऊन मिळतात. दिसायला अस्सल, आणि एखादी पट्टी खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

लाकूड: चौकट सागवानाची किंवा रबरवूडची, कातडी पाईनची. सगळं सागवानात म्हणाल तर साधारण पाच घनफूट लाकूड अंगाला लागेल आणि कापाकापीत जाणारं धरून सहा-सात घनफूट घ्यावं लागेल. सालीकडचा पांढरट भाग निवडून बाजूला काढायला लावा, कीड तिथेच लागते. दुकानदार तो भाग आत वळवून गठ्ठा बांधतो, तेव्हा प्रत्येक फळी उलटीसुलटी करून बघा.

अवखळ

"बँकेचं काउंटर" 😂 टोकन नंबर देऊन झोपवा.

पै_पैचा_हिशोब

बोल्टची कल्पना मान्य. माझा आक्षेप मागे. (खर्चावरचा नाही.)

प्लायप्रेमी

इथे प्लायला उगाच शिव्या बसतायत. वीस वर्षं या धंद्यात आहे. आमच्या हवेत, विशेषतः ठाणे-मुंबईत, रुंद लाकडी फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, खण अडकतात, फळी तडकते. प्लाय जागचा हलत नाही, कारण त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. खणांच्या पेट्या, तळ, पेटाऱ्याच्या बाजू प्लायच्याच करा. १८-१९ मिमी जाडीच्या आठ बाय चारच्या तीन शीट आणि पातळ ६ मिमीची एक, एवढ्यात पलंग आणि पेटारा दोन्ही बसतं.

ग्रेडवरून लोक फसतात. भारतीय मानकांत (आयएस) ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय, त्यात एमआर (दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारा) असे दोन प्रकार. आयएस ७१० म्हणजे मरीन. होडीचा पलंग म्हणून मरीन प्लायच हवा असं दुकानदार गळी उतरवेल. अहो, पलंग पाण्यात सोडणार आहात का? कोरड्या खोलीला चांगला बीडब्ल्यूआर भरपूर झाला. बाहेरची भिंत ओल धरत असेल तर तेवढ्या बाजूला ७१० वापरा.

गोळी_घ्या

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सुतारकामात शून्य. पण पडलेली मुलं रोज बघते, म्हणून लिहिते.

पलंग बुटकाच ठेवा. अशा धाग्यांवर कुणीतरी हटकून "वर पलंग, खाली खेळायला जागा" सुचवतं. आपल्या फ्लॅटचं छत नऊ-साडेनऊ फूट, पंख्याची पाती आठ फुटांच्या आसपास. पाच फुटांवरच्या गादीवर पावणेचार फुटांचं मूल उभं राहिलं की काय होतं याचा हिशोब तुम्हीच करा. परदेशातली चित्रं बघून हे करू नका, त्यांच्याकडे बऱ्याच खोल्यांत छताला पंखा नसतो.

कठडा गादीच्या वर निदान पाच इंच यायला हवा. मोजताना गादी टाकून मोजा, सुतार नेहमी फळीपासून मोजतो. दोन पट्ट्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा कमी हवी, म्हणजे धड जाऊन डोकं अडकायचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत बंक बेडसाठी (एकावर एक पलंग) हेच नियम आहेत आणि बुटक्या पलंगालाही ते पाळायला काहीच हरकत नाही.

दोरी! नौकेचं म्हटलं की सगळे दोऱ्या लोंबकळत ठेवतात. गळ्यात जाईल असा फास किंवा मोकळा लोंबता दोर पलंगाजवळ अजिबात नको. पेटाऱ्याचं झाकण हळू मिटणाऱ्या बिजागरीचं करा, कुलूप किंवा बाहेरून लागणारी कडी नको, आणि मागच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडा. लपाछपीत मुलं पेटाऱ्यात बसतात. बसणारच. पुस्तकांचं कपाट उभं असेल तर भिंतीला पक्कं ठोका, ती त्यावर डोलकाठी समजून चढणार आहे.

रंगाचं: घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवणं भारतात नोव्हेंबर २०१७ पासून बंधनकारक आहे. तेव्हा डब्यावर बघून नवा रंग घ्या आणि मिस्त्रींकडे पडलेला जुना अर्धा डबा "हा छान निळा आहे" म्हणून वापरू देऊ नका.

प्लायप्रेमी

डॉक्टरांना +१. त्यात एक भर: प्लायमधल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू सुटतो. ई-१ किंवा ई-० (हा वायू कमी सोडणाऱ्या) शिक्क्याचा प्लाय मागा, आतल्या न दिसणाऱ्या कडाही बंद करून घ्या, आणि फर्निचर झाल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवून मगच मुलीला तिथे झोपवा.

दर्यावर्दी७२

मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये आयुष्य गेलं. धागा वाचून हसू आलं, कारण निवृत्तीनंतर मला घरात नौकेची एकही वस्तू नको होती आणि इथे लोक पैसे देऊन करतायत. हलकं घ्या.

एक गंमत सांगतो. आजच्या मोठ्या मालवाहू जहाजाच्या केबिनमध्ये लाकूड जवळजवळ नसतंच. आगीच्या भीतीनं नियमच तसे आहेत. पोलादी भिंती, त्यावर पॅनेल. तुम्ही ज्याला नौकेचं फर्निचर म्हणता ते शिडाच्या जहाजांचं आणि छोट्या यॉटचं.

पण त्या फर्निचरमध्ये शिकण्यासारखं खूप आहे आणि त्यात एकही नांगर रंगवलेला नसतो. जहाज डोलतं आणि जागा कमी असते, या दोन गोष्टींतून सगळं जन्माला आलंय. टेबलाच्या कडेला बोटभर उंच पट्टी असते, वस्तू घरंगळू नयेत म्हणून. तुमच्या मुलीच्या पेन्सिली खाली पडणार नाहीत. खणाच्या खाली एक खाच असते, खण किंचित उचलून मगच ओढावा लागतो, त्यामुळे जहाज कलंडलं तरी तो आपणहून उघडत नाही. हँडल बाहेर येत नाहीत, लाकडात बुडवलेली पितळी कडी असते, म्हणजे अंधारात नडगी फुटत नाही. सगळे कोपरे गोल. बंकच्या उघड्या बाजूला एक उभी फळी, झोपेत माणूस खाली पडू नये म्हणून. डॉक्टर म्हणतात तो कठडा हाच. उघडं दार उघडंच राहावं म्हणून भिंतीला हूक. बसायच्या बाकाखाली, पायऱ्यांच्या आत, सगळीकडे सामान.

हे सगळं केलंत तर रंग कुठलाही दिलात तरी खोली नौकेची वाटेल. आणि ती मोठी झाल्यावरही यातलं काही लाज वाटण्यासारखं नाही.

मृदगंध

दर्यावर्दी काका, टेबलाच्या पट्टीची कल्पना मी आजच चोरते. होडी नसली तरी.

वाघोटणकर

आमची तीन पिढ्या होड्या बांधणारी माणसं. आता बहुतेक काम फायबरचं, लाकडाचं ऐकू येतं ते दुरुस्तीपुरतं. घरात विचारलं तर माझ्या काकांचा पहिला प्रश्न: "तेका होडी व्हयी काय खाट?" दोन्ही एकत्र म्हटल्यावर ते बराच वेळ हसत होते. मग लागले सांगायला.

खऱ्या होडीत सरळ रेष कुठेच नसते. वरची कड मध्ये खाली आणि दोन्ही टोकांना उचललेली. तुमच्या स्केचमध्ये कड सपाट असणार, पैज लावतो. ती मध्ये चार-पाच इंच खाली घ्या, पलंग लगेच होडी दिसू लागेल आणि मुलीला चढायलाही तिथूनच जागा मिळेल. फक्त चढायची जागा सोडून बाकी ठिकाणी डॉक्टरांचे पाच इंच सांभाळा.

फासळ्यांसाठी आमच्याकडे लाकूड वाकवत नाहीत, वाकडंच लाकूड शोधतात. रानात फिरून फांदीचा बाक बघून झाड निवडायचं. कागदावर नकाशा नसतो, डोळ्यानं आणि दोरीनं माप. तुम्हाला फ्लॅटमध्ये एवढं नको, रंधा_पटाशी यांनी सांगितलेली पट्ट्यांची पद्धत बरोबर आहे. तळाला जो कणा असतो, आम्ही पठाण म्हणतो, तो पलंगाला नसणार, पण नाळेच्या दांड्याला थोडं पुढे झुकवा. सरळ उभा ठेवलात तर पेटी दिसेल.

डोलकाठी लावणार असाल तर तीही सरळ उभी नको. आपल्याकडच्या शिडाच्या होड्यांची डोलकाठी पुढे कललेली असते आणि तिच्यावर शिडाचं लांब आडवं लाकूड तिरकं बांधलेलं. तो चौकोनी शिडाचा आणि कवटीचा झेंडा आपल्या बंदरातला नव्हे.

आणि एक विनंती. जुन्या होडीच्या फळ्या आणून वापरायचा मोह होईल, हल्ली त्याची फॅशन आहे. मुलांच्या खोलीत नको. त्यात गंजलेले खिळे असतात, मीठ मुरलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं माशाचं तेल पाजलेलं असतं. पावसाळ्यात त्या फळीला जो वास सुटेल तो तुमच्या आजींचा होकार मागे घ्यायला लावेल.

अवखळ

लेकीला हर्णै आवडलं म्हणता ना? मग वासासकट द्या.

इतिहासवेडा

वाघोटणकर, तुमचं नाव बघून राहवत नाही. विजयदुर्गाजवळ गिर्येला वाघोटण खाडीच्या काठी मराठ्यांची खडकात कोरलेली गोदी आहे, ती बघायला लोक जातच नाहीत. किल्ला बघून परत.

आणि सागवानाबद्दल कुणाला शंका असेल तर एचएमएस ट्रिंकोमाली ही ब्रिटिश नौदलाची जुनी शिडाची युद्धनौका बघा. वाडिया घराण्यातल्या जहाजबांधणाऱ्यांनी १८१७ साली मुंबईत मलबारी सागवानात बांधलेली, आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिचे आराखडे ज्या जहाजातून मुंबईला पाठवले ते जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडलं आणि नव्या प्रती पाठवाव्या लागल्या. तेव्हा इंटिरियरवाल्या बाईंचं ड्रॉइंग उशिरा आलं म्हणून कुरकुरू नका.

सजावट करायचीच असेल तर नांगर कशाला? अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. नौदलाचं कौंडिण्य हे शिवलेलं जहाज त्यावरूनच प्रेरणा घेऊन गोव्यात बांधलं, २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. फळ्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवलेल्या. पलंगाच्या डोक्याकडची फळी तशी शिवून घेतली तर काय बहार येईल!

गोळी_घ्या

दोर घट्ट शिवलेला, मोकळं टोक किंवा फास नसलेला असेल तर माझी ना नाही. पण काथ्या डोक्याशी नको, धागे झडतात. मुलीला दमा किंवा ॲलर्जी असेल तर विशेषच. सुती दोर घ्या.

आजी_ऑनलाइन

एवढं सगळं बोललात, मच्छरदाणी कुठे लावणार? ठाण्यात डास नाहीत का?

गच्चीवरचा

आजी, साष्टांग नमस्कार! 🙏 कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

रंधा_पटाशी

मच्छरदाणीच शीड! वाघोटणकरांनी सांगितलेलं तिरकं लाकूड डोलकाठीला पक्कं करा, मच्छरदाणी त्यावरून सोडा. डोलकाठी पलंगाच्या चौकटीला बोल्टनं, कठड्याला नाही. उंची पंख्याच्या पात्यांपेक्षा निदान दोन फूट खाली, आणि शक्यतो पंख्याच्या घेराबाहेर. जाळी पंख्याकडे ओढली जाते, चालू पंख्याखाली एकदा बघून मगच पक्कं करा.

बंदरावरचा_दिवा

हल्ली दिवे लावायची पद्धत आहे म्हणून लिहितो. रात्रीचे मंद दिवे लावणार असाल तर नियमाने लावा: डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा.

प्लायप्रेमी

कुणाच्या डाव्या?

बंदरावरचा_दिवा

नाळेकडे तोंड करून उभं राहिलेल्याच्या. नाळ पायांकडे असेल तर गादीवर बसून पायांकडे बघणाऱ्या मुलीच्या डाव्या हाताला लाल. मिस्त्री पायांकडून पलंगाकडे बघत काम करणार, तो हमखास उलटं लावणार.

अवखळ

आणि नाळ डोक्याकडे असेल तर?

दर्यावर्दी७२

तर मुलगी रात्रभर मागे-मागे चाललेल्या जहाजात झोपणार. तरीही दिवे जहाजाचे, प्रवाशाचे नाहीत. नाळेकडे तोंड करून डावीकडे लाल. पुढचा प्रश्न.

पै_पैचा_हिशोब

पुढचा प्रश्न माझा. नाळ दोन फूट पुढे आली, पलंग सव्वासहा फूट, म्हणजे सव्वाआठ फूट. खोली दहा फूट. दार आत उघडतं का बाहेर? टेबल कुठे ठेवणार? एवढी लांब चर्चा आणि कुणी खोलीत फूटपट्टी धरली नाही.

गच्चीवरचा

धरली. आत्ताच. अकरा फुटांच्या भिंतीला लावला तर बसतो, पण दार उघडल्यावर नाळ दारापासून जेमतेम हातभर लांब. आणि टेबल मग खिडकीखाली जातं, जे खरं तर बरं आहे.

ट्युलिप

रॉटरडॅमहून लिहितेय. नाळ लहान करायची एक युक्ती आम्ही केली होती. पलंगाला नाळ लावलीच नाही, पलंगाच्या पायाकडे नाळेचं वेगळं पुस्तकांचं कपाट उभं केलं. होडी मधोमध कापून पुढचा अर्धा भाग टोक वर करून उभा ठेवला आणि आत फळ्या टाकल्या, असं समजा. जागा फूटभर लागते, पुस्तकं राहतात, हलवता येतं. इथे कारागीर परवडत नाही म्हणून सगळे स्वतःच करतात, दुकानातच फळ्या मापानं कापून देतात. आम्ही नवरा-बायकोनं तीन शनिवार-रविवार घालवले आणि त्यातला एक पूर्ण भांडणात गेला.

जुन्या डच घरांत भिंतीतच कपाटासारखी पलंगाची खोबण असते, दारं लावून आत झोपायचं. माझ्या मुलाला तीच जास्त आवडली, होडी नव्हे. मुलांना बंदिस्त कोनाडा हवा असतो असं माझं मत.

गोळी_घ्या

कपाट भिंतीला ठोका. टोक वर केलेल्या होडीचा वरचा भाग हलका असला तरी खाली पाय द्यायला फळ्या आहेत. शिडीच ती.

इतिहासवेडा

ट्युलिप, कोनाड्याचं पटलं. आमच्या वाड्यात देवळी होती, बहीण त्यात बसून वाचायची.

तेलकट_हात

फिनिशबद्दल कुणीच बोललं नाही. पाईनच्या पट्ट्यांना अळशीचं तेल लावलं तर लाकडाचा रेषा-रंग सुरेख येतो, वर पाण्याचा पीयू (पॉलियुरेथेनचा लेप) दिला की पुसता येतं. पण तेल लावलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. अळशीचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यातल्या बोळ्यात आपणहून पेट घेऊ शकतं. चिंध्या पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवा. मिस्त्रींच्या पोरांना हे सांगून ठेवा.

मृदगंध

बापरे, हे माहीत नव्हतं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पेटीचोर

पितळेचं सामान खरं हवं असेल तर मुंबईत दारुखान्याला जा. जहाजं मोडून निघालेलं सामान मिळतं: गोल खिडक्या, दिवे, कड्या. चोर बाजारातही मिळतं, पण तिथे निम्मं "जुनं" कालच बनलेलं असतं. गुजरातेत अलंगला तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं आहेत. मात्र खरी जहाजाची गोल खिडकी उचलून बघा आधी. पितळ आणि जाड काच, प्लायच्या कपाटाच्या दाराला लावलीत तर बिजागऱ्या दार घेऊन खाली येतील. कड्या घ्या, खिडक्या सोडा.

सावंतवाडीची_लेक

छोट्या वस्तूंसाठी आमच्याकडे चितारआळीत चौकशी करा. लाखेचं रंगकाम केलेली लाकडी खेळणी करणारे कारागीर तिथे आहेत. खुंट्या, छोटे मासे, खणांच्या मुठी सांगून करून मिळू शकतील.

दर्यावर्दी७२

मुठी बाहेर येणाऱ्या नको म्हटलं ना मी!

सावंतवाडीची_लेक

काका, मग खुंट्या. खुंट्या तरी बाहेर येऊ द्या, नाहीतर दप्तर कुठे अडकवणार?

गच्चीवरचा

मंडळी, मिस्त्रींबरोबर आज बैठक झाली. ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर थांबवा.

चौकट सागवानाची, ७५ बाय ३६ ची गादी. खणांच्या पेट्या आणि पेटारा बीडब्ल्यूआर प्लायचा. बाजूच्या कातडीला पाईनच्या चढत्या पट्ट्या, वरची कड मध्ये चार इंच खाली. नाळ फक्त दहा इंच, नाळेचं पुस्तकांचं कपाट वेगळं, खिडकीशेजारच्या भिंतीला ठोकलेलं. टेबलाला बोटभर पट्टी. खणांना खाच. नांगर शून्य.

पट्ट्यांना मिस्त्री आधी नाही म्हणाले. "साहेब, फ्लेक्सीमध्ये दोन दिवसांत देतो." मग वाघोटणकरांचा कड खाली घ्यायचा मुद्दा सांगितला तेव्हा त्यांनी पेन्सिल घेतली आणि स्वतःच फरशीवर पूर्ण मापाची होडी काढून दाखवली. मूळचे कोकणातल्या मालगुंडचे निघाले. आता तेच मला सांगतायत की नाळेचा दांडा अजून झुकवू.

लेक फरशीवरच्या होडीत उशी घेऊन बसली आहे आणि उठायला तयार नाही. तिची एकच नवीन मागणी: हर्णैच्या बोटींसारखा बाजूला नंबर हवा.

वाघोटणकर

मालगुंडचे? मग काळजी सोडा. नंबर नाळेच्या दोन्ही बाजूंना लिहा, नाव मागे.

प्लायप्रेमी

एक राहिलं. पलंग कारखान्यात जोडून आणणार की घरात? नव्या इमारतींच्या लिफ्टमध्ये सात फुटांची वस्तू उभी जात नाही आणि जिन्याचं वळण अरुंद. आमच्या एका गिऱ्हाइकाचा पलंग तळमजल्यावरून परत गेला होता.

रंधा_पटाशी

म्हणूनच बोल्ट. कारखान्यात एकदा पूर्ण जोडून बघायचं, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलनं एकच आकडा घालायचा, सुटं करून आणायचं. दोन बाजू, दोन टोकं, पट्ट्यांचा गठ्ठा. गोंद फक्त कातडीच्या पट्ट्यांना, चौकटीच्या सांध्यांना अजिबात नाही. मिस्त्री सवयीनं तिथेही फेव्हिकॉल घालतात, समोर उभे राहा.

गच्चीवरचा

आकड्यांचं लिहून घेतलं. लिफ्ट मोजली, आतून पावणेसात फूट. पाट्या तिरक्या करून जातील.

आजी_ऑनलाइन

खाली झाडू जाईल ना? खण जमिनीला टेकवू नका. चार बोटं तरी जागा सोडा, नाहीतर खण बाहेर काढून झाडायला रोज कोण वाकणार?

गच्चीवरचा

आजी, आता मिस्त्रींच्या मीटिंगला तुम्हीच या.

दोन_पोरांची_आई

आत्ता सगळा धागा वाचला. आमची खोली ९ बाय १०, दोन मुलगे, आठ आणि पाच वर्षांचे. बंक बेड सोडून दुसरा इलाज दिसत नाही, पण पंख्याचं वाचून पोटात गोळा आला. ओढून काढायचा खालचा पलंग चालेल का? आणि त्या मालगुंडच्या मिस्त्रींचा नंबर द्याल का?

गोळी_घ्या

ओढून काढायचाच करा. पाच वर्षांच्याला वरच्या बंकवर अजिबात झोपवू नका.

प्लायप्रेमी

खालच्या पलंगाला चाकं चारच्या ऐवजी सहा लावा, मधली दोन विसरू नका. गादी चार इंचीच घ्या, जाड घेतली तर आत जाणार नाही.

गच्चीवरचा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. पण आधी माझी होडी होऊ द्या!